कल्हईला टाकलेलं पातेलं

नांदगावच्या स्टँडवर अब्बांनी माझी बॅग बसमध्ये चढवली आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले. अम्मी आलीच नव्हती. ती रडली असती तर मी बसमधून उतरले असते, हे तिला माहीत होतं. बस हलली तसे अब्बा म्हणाले, "नाशिक बघून घे. कोर्ट नि दवाखाना सोडून आपण काय पाह्यलं तिथलं?" जणू मी लॅबमधल्या नोकरीला नाही, सहलीलाच निघाले होते.

मी त्यांचं ऐकलं. तसाही रविवार खायला उठायचा. पांडवलेणी चढले, गंगाघाटावर बसून आले, त्र्यंबक रस्त्यावरच्या संग्रहालयात जुनी नाणी पाहिली, मेनरोडवर काचेतले कपडे बघत फिरले. संध्याकाळी फोनवर अम्मीला सगळं रंगवून सांगायचे. बरोबर कोण होतं हे ती विचारायची नाही, आणि मी सांगायची नाही. पोरगी एकटी पडलीय एवढं कळलं असतं तर तिनं मला परत बोलावलं असतं. मग ज्या नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून अब्बांनी मला पाठवलं होतं, त्यांचंच खरं झालं असतं.

गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे इथं आले, त्यांनाही मीच नाशिक दाखवलं. "तू तर पक्की नाशिककर झालीस," असं म्हणत तुम्ही चिवड्याची पाकिटं घेऊन परत गेलात. तुम्हाला स्टँडवर सोडून आले की त्या एवढ्याशा खोलीत मला करमायचं नाही.

मग एकदा अम्मी आली. जुन्या ओढणीत गुंडाळून तांब्याचं मोठं पातेलं घेऊन आली. म्हणे कल्हई करायचीय. मला हसूच आलं. आमच्या घरामागच्या गल्लीत कल्हईवाला बसतो, आणि ही बाई पातेलं मांडीवर घेऊन मनमाड, चांदवड, ओझर करत नाशिकला आली होती. तिथला नीट करत नाही, एवढंच ती म्हणाली.

मी तिला सगळं दाखवलं. पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर दम खाताना तिनं विचारलं, "हितं तुझ्या वळखीचं कोन हाय?" लेण्यांत कोण असणार, म्हणून मी उडवून लावलं. संग्रहालयातही तिनं तेच विचारलं, मेनरोडवरही तेच. आपल्याकडे घरापासून बाजारापर्यंत जायचं तर दहा उंबऱ्यांवर थांबावं लागतं. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. इथं दिवसभरात माझ्याशी बोलला तो फक्त तिकीट देणारा. अम्मीनं ते पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

शेवटी आम्ही भांडी बाजारात गेलो. कल्हईच्या दुकानात एक वयस्कर काका होते. अम्मीनं त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि आमच्या घराची सगळी कथा सांगून टाकली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही माझी पोरगी. हितंच ऱ्हाती, एकलीच हाय. पातेलं न्यायला हीच येईल. जरा चौकशी करत जा हिची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पातेलं गुंडाळतानाच तिला सगळं ठाऊक होतं. स्टँडवर मी वाट पाहत होते, आता ती 'परत चल' म्हणेल. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "जागा लय बघितल्या बेटा. आता मानसं बघ."

माणसं मला अजून फार मिळालेली नाहीत, खोटं कशाला सांगू? पण भांडी बाजारात एक स्टूल आहे. तिथं बसलं की कुणीतरी विचारतं, आई कशी आहे, गुडघे दुखायचे थांबले का. घर म्हणजे नांदगावच, पण त्याचा एवढासा तुकडा अम्मी इथं ठेवून गेली आहे.

एका माणसाच्या स्वयंपाकाला ते पातेलं फार मोठं आहे, त्यामुळे ते फारसं चुलीवर चढत नाही. तरी मी अधूनमधून ते कल्हईला नेते. काका आत डोकावून बघतात. कल्हई अजून चकचकीत आहे, हे त्यांनाही दिसतं. ते पातेलं ठेवून घेतात आणि म्हणतात, "रविवारी या."