मुक्काम पोस्ट, बंद गोदामाची पायरी

पूनम भेटली तर ती तुम्हाला तुमचं गाव विचारणार नाही. आमच्या सांगलीकडं हे अजबच म्हणायचं. इथं पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी ‘कुठलं गाव?’ होतं, मग आडनाव, मग कुणाचे कोण पाहुणे, आणि मग पाणी. पूनम थेट विचारते, “जेवलासा का?” ही सवय तिला एका चुकीनं लावली. त्या चुकीचा मी साक्षीदार. साक्षीदार कसला, भागीदारच! माइक माझा होता.

माधवनगरला माझं साऊंडचं दुकान आहे. लग्न, बारसं, गणपती, उद्घाटन, सगळीकडं माझेच बॉक्स. तीस वर्षं लोकांचे आवाज मोठे करून देतोय, त्यामुळं गाणाऱ्या माणसाचं मला फारसं कौतुक उरलेलं नाही. एका दुपारी ही पोरगी स्कूटी लावून आत आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, अंगात कंपनीचा निळा ॲप्रन, नखात काळं तेल.

“मामा, रविवारी पाच वाजता दोन बॉक्स आणि एक माइक पायजे. स्टँडजवळ. रॅप हाय.”

“म्हणजे ते उलटी टोपी घालून हातवारे करायचं?”

“टोपी न्हाई घालत. वेणी अडकती.”

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “आणि एको काढायचा, मामा. पार काढायचा.”

मला रागच आला. आमच्याकडं एकोशिवाय नवरदेवाचा काका दोन शब्दसुद्धा बोलत नाही. घुमल्याशिवाय आवाज मोठा वाटतच नाही लोकांना. “बाई, मला शिकवू नकोस,” मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, “शिकवत न्हाई. माझ्या गाण्यात नावं हायती. नाव घुमलं की कळत न्हाई. ज्याचं हाय त्याला तरी कळाय पायजे.”

कुपवाडला एका छोट्या कारखान्यात ती पार्ट तपासायची. मशीनवरून आलेला तुकडा उचलायचा, मापाचं गेज लावायचं, बसलं तर ‘ओके’, नाही तर बाजूच्या लाल डब्यात. दिवसभर हेच. ओके, ओके, ओके, रिजेक्ट. टेबलावर गेज आपटत आपटत तिला ठेका सापडला, असं ती सांगायची. आणि शब्द सापडले सांगलीच्या एसटी स्टँडमागं. सुटी झाल्यावर ती तिथं चहाला थांबायची. बंद गोदामाच्या पायऱ्यांवर दहा-बारा माणसं कायमची राहायची. त्यांच्यात ती जाऊन बसायची. “पार्टाला रिजेक्टचा डबा असतोय मामा, माणसाला कुणी केला?” हे तिचं नेहमीचं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसतं ‘हं’ केलं आणि वायर गुंडाळत राहिलो.

त्या रविवारी तिनं काय केलं ते सांगतो. आमच्याकडच्या सत्कारात नाव कसं घेतात ठाऊक आहे ना? श्रीमान अमुक तमुक, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका, जिल्हा, यांचं आम्ही हार्दिक स्वागत करतो, आणि मग टॉवेल-टोपी. पूनमनं तोच थाट उचलला आणि ठेक्यावर चढवला.

“मुक्काम पोस्ट गोदामाची पायरी,
उशाला चपला, अंगाखाली पथारी.
दार न्हाई, कडी न्हाई, न्हाई उंबरा,
नाव तरी इचारा की, माणूस हाय खरा!”

आणि मग एकेक नाव. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आधी काय कामं केली, किती वर्षं केली. पायरीवरची माणसं समोर बसलेली. आपलं नाव आलं की एकेकाची पाठ ताठ व्हायची. एक म्हातारी तर पदर सावरून उभीच राहिली, खरंच कुणी टॉवेल-टोपी घेऊन येतंय अशी. भाजी घ्यायला आलेले लोक पिशव्या खाली ठेवून थांबले. रोज ज्यांना ओलांडून जातो, त्यांना नावं आहेत हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना कशाला, मलाही तेव्हाच कळलं. माझ्या हातातली वायर हातातच राहिली. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

त्या नावांत एक नाव होतं आण्णांचं. आण्णा म्हणजे हळदीच्या बाजारातले जुने हमाल. पाठ गेली, काम गेलं, खोली गेली. गाव शिराळ्याकडचं. पूनमचा त्यांच्यावर फार जीव. गाण्यात नाव घालू का, असं तिनं विचारलं होतं; त्यांनी मान डोलावली होती. गावही घालणार हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं. तिला ते सांगायचं सुचलंच नाही. गावाशिवाय सत्कार होतो कुठं आमच्याकडं? उलट मानानं, आवाज चढवून तिनं त्यांच्या गावाचं नाव घेतलं. आणि मी शहाण्यानं नेमका तिथंच बॉक्सचा आवाज वाढवला.

कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. दोन दिवसांत ते शिराळ्यापर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी आण्णांची पायरी रिकामी. पथारीसुद्धा नाही.

पायरीवरच्या म्हातारीनं मग पूनमला सगळं सांगितलं. आण्णांची एकुलती एक लेक गावातच दिलेली. सासरची माणसं बरी, ऊसवाली. त्यांना आणि लेकीलाही आण्णांनी सांगून ठेवलं होतं की आपण पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहोत, राहायला खोली आहे. आण्णा दर सोमवारी लेकीला फोन करून पुण्याच्या गप्पा सांगायचे, स्टँडमागं उभं राहून. पुण्यात पाऊस पडतोय का, हेसुद्धा आधी कुणाला तरी विचारून घ्यायचे. आता तो फोनही बंद होता.

पूनम माझ्या दुकानात येऊन खाली फरशीवर बसली. “मामा, मी त्यास्नी रिजेक्ट केलं. माझ्या हातानं.”

मी हातातलं काम ठेवलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

त्यानंतर तिनं गाणं बंद केलं. दर रविवारी सकाळी स्कूटी काढायची आणि आण्णांना शोधायला जायचं. मिरज झालं, कराड झालं. प्रत्येक स्टँडवर एकेका माणसाजवळ उकिडवं बसून ‘जेवलासा का?’ विचारायची, गावाचा शब्द तोंडातून काढायची नाही. पाचव्या रविवारी मला राहवेना. टेम्पो काढला आणि तिला घेऊन साताऱ्याला गेलो. दुपारी एका बंद दुकानाच्या जिन्याखाली आण्णा सापडले. दाढी वाढलेली, तोंड भिंतीकडं.

पूनम समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं स्वतःचे दोन्ही कान धरले. बाजाराच्या वेळी, भर रस्त्यात. येणारे-जाणारे बघायला लागले, तरी सोडले नाहीत.

आण्णांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाले, “पोरी, तू मला मोठं केलंस गं. पर मी लपलो हुतो.”

“चुकलं माझं, आण्णा.”

“लेकीला आता काय सांगू?”

“ते तुमी ठरवायचं. मी तुमचं नाव आता कवाच घेणार न्हाई. फकस्त पायरीवर या. सगळी वाट बघत्यात.”

“आणि माझी ओळ?”

“रिकामी ठेवती,” ती म्हणाली. “दुसरं कोण घालणार न्हाई तिथं.”

आण्णा टेम्पोत बसले. सांगलीपर्यंत तोंड खिडकीबाहेरच होतं. पण आले.

पुढच्या कार्यक्रमाला मी नेहमीसारखा मिक्सरवर. नावं चालली होती, आणि अचानक आवाज बंद! ठेका चालू, पूनमचे ओठ मिटलेले. मी घाबरून वायर हलवली, माइकचं बटण वर नेलं. चार ठोके गेले आणि ती पुढच्या नावावर गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती आण्णांची जागा होती. तिथून पुढं सांगलीत, कुपवाडला, जिथं जिथं तिनं हे गाणं म्हटलं, तिथं ते चार ठोके रिकामे गेले. मीही त्या चार ठोक्यांत मिक्सरवरचे हात काढून घ्यायला लागलो. आमच्यात तसं काही ठरलं नव्हतं.

सहा-सात महिने असेच गेले. मग पूनमचा कारखाना बंद पडला आणि तिला चाकणला नोकरी लागली. निघायच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम माधवनगरला, माझ्याच दुकानापुढं ठेवला. मी एकही पैसा घेणार नाही म्हटल्यावर ती माझ्याशी भांडली, ते सोडा. चारच्या सुमारास आण्णा लवकरच आले. दाढी केलेली, सदरा धुतलेला. माझ्याजवळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “सकाळी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं.”

मी विचारलं, “काय म्हणाली?”

“रडली. लय रडली. तिनं ते गाणं कवाच बघितलं हुतं. मग म्हणाली, आण्णा, तुमी जेवलासा का?”

एवढं बोलून ते पुढं जाऊन बसले. मला मिक्सरवरचे आकडे दिसेनात.

गाणं सुरू झालं. नावं आली, एकेक पाठ ताठ झाली. ती जागा आली. पूनम थांबली. पहिला ठोका गेला. दुसऱ्याला आण्णा उठले. तिनं बघितलं, आणि काही न बोलता माइक त्यांच्यापुढं धरला. ठेका चालूच राहिला, चाराचे आठ झाले, आठाचे सोळा. कुणी हाललं नाही.

“मी शिवराम ज्ञानू,” आण्णा म्हणाले. आवाज कापत होता, पण एको नसल्यामुळं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मग त्यांनी स्वतःच्या तोंडानं आपलं गाव सांगितलं. “हळद बाजारात तीस वर्षं हमाल. सध्या मुक्काम पोस्ट बंद गोदामाची पायरी, सांगली.”

पूनमनं माइक परत घेतला. तिला पुढची ओळ म्हणता येईना. डोळे पुसून ती आण्णांकडं बघत राहिली आणि कारखान्यात म्हणायची तसं एवढंच म्हणाली, “ओके.”