चांगुणाआईंनी दिलेला पाट

चामटोलीच्या चांगुणाआईंचं नाव मी आधी लिहितो, काय घडलं ते नंतर. त्या नसत्या तर त्यांची सून, माझा दोस्त वसंताची बायको सुरेखावहिनी, आज नसती. कदाचित मीही नसतो. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. हातात पाना धरायची सवय आहे, पेनाची नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव जत तालुक्यात. फौजेत मी व्हेइकल मेकॅनिक होतो, रँक नाईक. वसंत आमच्याच युनिटमध्ये ड्रायव्हर. बदलापूरजवळच्या चामटोलीचा. उत्तरेकडे एका खिंडीखाली आमचा कॅम्प होता. तिथला दिवस ठरलेला. उजाडायच्या आत फर्स्ट परेड, म्हणजे गाड्यांची तपासणी. ऑइल बघा, पट्टा बघा, टायर बघा. थंडीमुळे रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं आणि सकाळी गरम करून भरायचं. मी मुळात भित्रा. प्रत्येक नट दोनदा आवळायचो. वसंत म्हणायचा, "नाम्या, तू लग्नातपण मंगळसूत्र दोनदा बांधशील."

एकदा तो सुट्टीवरून परतला आणि किट इन्स्पेक्शन लागलं. ब्लँकेटवर सगळं सामान मांडलेलं, फक्त एनॅमलचा मग नव्हता.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "मग कुठाय?"

"साहेब, ड्यूटीवर आहे."

"कसली ड्यूटी?"

"घरी सेंट्री म्हणून पहाऱ्याला लावलाय, साहेब."

लाइनीतले सगळे हसले. वसंताला एक्स्ट्रा गार्ड ड्यूटी लागली. तो मग कुठे ठेवलाय ते त्याने मलाही सांगितलं नाही. त्यानंतर चहाला आम्ही दोघं माझाच मग वापरत होतो.

त्याच हिवाळ्यात रसद घेऊन तीन गाड्या वर निघाल्या. वसंताची शेवटची. मी खाली वायरलेसजवळ होतो. दुपारची वेळ, ऊन पडलेलं.

"लास्ट व्हेइकल, रिपोर्ट. ओव्हर."

"लास्ट व्हेइकल ओके. वळणावर आहे. ओव्हर."

थोड्या वेळाने वरून आवाज आला. बर्फाचा कडा सुटून रस्त्यावर आला होता.

"लास्ट व्हेइकल, रिपोर्ट. ओव्हर."

ऑपरेटर संध्याकाळपर्यंत हेच बोलत राहिला. बर्फ वितळल्यावर गाडी खाली नदीकाठी सापडली. वसंत सापडला नाही. शोधपार्टीत मी होतो. घरी कळवलं गेलं: बेपत्ता, मृत समजण्यात आले.

'समजण्यात आले' हे चांगुणाआईंनी कधी मानलं नाही. ज्याने बघितलं नाही त्याने समजायचं कशाला, असं त्या विचारायच्या.

पुढे मी फौज सोडली आणि अंबरनाथला एका कारखान्यात गाड्यांच्या कामावर लागलो. गाव लांब, ओळखीचं कोणी नाही. रविवार आला की चांगुणाआई चामटोलीला जेवायला बोलवायच्या. जेवताना त्या सगळ्यांसाठी गोणपाट अंथरायच्या आणि भिंतीशी एक सागवानी पाट मांडायच्या. तो वसंताचा. त्यावर कोणी बसायचं नाही. जेवणं झाली की त्या तो पुसून उभा करून ठेवायच्या. मी मान खाली घालून भात खायचो.

घरामागच्या मांडवात वसंताचा ट्रॅक्टर उभा होता. विटांच्या खेपा करायला आणि शेतासाठी त्याने तो जुनाच घेतला होता. तो गेल्यापासून कोणी सेल मारून तो सुरू केला नव्हता. शेत वहिनी बघत होती. भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्या गावाची लावणीआधीची चिखलणी झाल्यावर तिच्या शेतात यायचा. तोवर भाताचं रोप म्हातारं झालेलं असायचं.

एका रविवारी तिने विचारलं, "भाऊजी, हा चालू होईल?"

आतून चांगुणाआई म्हणाल्या, "वसंता येल तवा तोच चालू करील."

वहिनी उंबऱ्याशी गेली. "आई, ते आले आणि शेत पडीक दिसलं, तर कोणाला बोलतील?"

आईंनी बराच वेळ तांदूळ निवडले. "बघा काय बघायचं ते," म्हणाल्या.

मी मांडवात गेलो. पेंढा बाजूला केला. सायलेन्सरच्या नळकांड्यावर एनॅमलचा मग उपडा घातलेला होता. त्यावर वसंताचा नंबर. एवढ्या वर्षांत पावसाचा एक थेंब इंजिनात उतरला नव्हता. मी मग काढला आणि तो हातात धरून मांडवातच बसून राहिलो.

उल्हासनगरला, कॅम्प चार भागात, एका सिंधी शेठच्या दुकानातून फिल्टर आणि पाइप आणले. बॅटरी त्याने वापरायला दिली. म्हणाला, "साईं, घाई नको हां. म्हाताऱ्याला झोपेतून उठवतात तसं उठव. डिझेल भडकलं ना, तर बापाचंपण ऐकत नाही."

मी घाई केली नाही. टाकीतलं जुनं डिझेल काढलं. खाली काळा चिखल होता, टाकी धुतली. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि पुढच्या रविवारपर्यंत मुरू दिलं. इंजिन हाताने फिरवून बघितलं. फिरलं. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घर केलं होतं, तो सोडवूनच ठेवला. ऑइल बदललं, पाणी भरलं, पाइपातली हवा काढली. चाकांच्या पुढे-मागे विटा लावल्या.

फौजेत आमचा एक नियम होता. खूप दिवस उभं राहिलेलं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करताना इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी एक जवान फळी घेऊन उभा राहणार. डिझेलच्या पंपातला दांडा अडकला तर इंजिन चावीने बंद होत नाही, स्टॉपची दांडी ओढूनही नाही. रेस वाढतच जाते आणि शेवटी लोखंड फुटून बाहेर येतं. अशा वेळी हवा कोंडायची. हात लावायचा नाही, फळीच लावायची.

मी वहिनीकडे फळी मागितली. ती पटकन म्हणाली, "तो पाट आणू?"

"त्या पाटाला हात लावायचा नाय!" पडवीतून आईंचा आवाज आला.

मी सफरचंदाच्या खोक्याची फळी घेतली. वहिनीला सीटवर बसवलं, गिअर न्यूट्रल असल्याचं दोनदा बघितलं.

"मी सांगितलं की सेल. मी सांगितलं की स्टॉप."

"येस सर," वहिनी म्हणाली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"सेल."

इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा सेल. धूर आला आणि इंजिनाने पकड घेतली. वहिनीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मीही हसलो असेन. तेवढ्यात आवाज चढायला लागला.

"स्टॉप!"

वहिनीने दांडी ओढली. आवाज चढतच गेला. मांडवाचे वासे थरथरायला लागले. मी फळी हवेच्या तोंडावर दाबली. ती वाळवीने पोखरलेली होती. मधोमध मोडली आणि माझ्या हातात तुकडा राहिला.

"वहिनी, उडी मार! लांब पळ!"

ती दांडी सोडेना. तिला वाटलं, अजून जोराने ओढली तर बंद होईल.

कोणी तरी मला खांद्याने ढकललं. चांगुणाआई होत्या. छातीशी पाट धरलेला. माझ्या हातात त्यांनी तो कोंबला आणि किंचाळल्या, "लाव! ही तरी राहू दे!"

मी लावला. हवेने पाट खेचून धरला. इंजिन गुदमरलं, दोन हिसके दिले आणि थांबलं.

मांडवात धूर होता. वहिनी सीटवरून उतरली. आईंनी तिला धरून खाली बसवलं, पदराने तिचं तोंड पुसलं. मला म्हणाल्या, "नामदेवा, हात बघू. कापलं का?" कापलं नव्हतं.

पंप मी सोडवून उल्हासनगरला नेला. आतला दांडा अडकलेलाच निघाला, तो मोकळा करून आणला. नंतर इंजिन शहाण्यासारखं सुरू झालं आणि स्टॉप ओढल्यावर बंद झालं. त्या वर्षी वहिनीने स्वतःची चिखलणी स्वतः केली, गावाच्या आधी. काम संपलं की ती सायलेन्सरवर वसंताचा मग उपडा घालते. अजून घालते.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी आईंनी पाट नेहमीच्या जागी मांडला. त्यावर हवेच्या तोंडाचा काळा, गोल डाग उमटला होता. त्यांनी तो घासला नव्हता. मला म्हणाल्या, "बस."

मी उभाच राहिलो.

"बस रे. लाकूड हाय ते. तो आता नाय यायचा."

मी बसलो. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि वाढता वाढता त्या रडायला लागल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनी उठून त्यांच्याजवळ गेली. भात कोणीच खाल्ला नाही.

निघताना आईंनी मला विचारलं, "ती जागा तुला ठाव हाय ना? वळणाची?"

"आहे, आई."

"दिसते का तिथून नदी?"

"दिसते."

ड्रायव्हर वसंत, मुक्काम चामटोली. गाडी वळणावर ओके असल्याचा त्याचा रिपोर्ट मी माझ्या कानांनी ऐकला आहे. चांगुणाआईंचे गुडघे आता धरतात, आणि तिकडे जायला परवानगी लागते. मी जुन्या साहेबांना विचारत असतो. आई, एक दिवस मी तुम्हाला त्या वळणावर घेऊन जाईन. पाट मी उचलून आणीन. तुम्ही त्यावर बसा आणि नदी बघा, हवी तेवढी.