कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे

आज मुरलीपुऱ्यातल्या घरी कूलरला नवा वाळा बसवला. पाणी सोडलं, तो ओला वास आला, आणि मी थेट बनी पार्कातल्या आमच्या पहिल्या ऑफिसात जाऊन पडलो.

ऑफिस कसलं, भट्टीच ती! मे महिन्यात भिंतीला पापड चिकटवला तर भाजून निघायचा. एकुलत्या एका कूलरचं तोंड आम्ही कॉम्प्युटरांकडे केलं होतं, कारण औषधाचा रेणू तेच शोधत होते. माणसं वितळली तरी चालणार होतं.

अशाच एका दुपारी आई डबा घेऊन आली. तिचे हात थरथरायचे, आणि मी शोधत होतो ते औषध त्याच आजारावरचं.

“खोक्यांना गार वारा आणि आईला घाम? वा रे शास्त्रज्ञ!”

मी तिला स्क्रीनवर रेणू दाखवला. आजार घडवणाऱ्या प्रथिनाच्या खाचेत तो असा चपखल बसला होता, की आता जगात एकही हात थरथरायचा नाही, असं मी ठोकून दिलं.

“कडू असेल का रे?”

“अगं, अजून तो फक्त चित्रात आहे.”

“मग आत्ताच गोड कर.”

मी इतका हसलो, की पार जुन्या शहरातली, चारदीवारीतली कबुतरं उडाली असतील.

पुढे तो रेणू पाण्यात विरघळलाच नाही, म्हणजे औषध म्हणून बाद. नंतरचे शेकडोही कुठे ना कुठे अडले. आई गेली. मी अजून तेच करतो, फक्त हसायला आता दम पुरत नाही.

त्या दुपारभर ती उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसली होती. तेव्हा वाटलं, उन्हातून आलीय, दमली असेल. मला औषधाची घाई होऊ नये म्हणून ती थरथर लपवत होती, हे आता कळतं.