पश्मिन्याची परीक्षा

मुलुंडला थंडी पडली असं आम्ही म्हणतो ते निव्वळ हौसेपोटी. तरीही मी बारा महिने विणत असते. भर मे महिन्यात पंख्याखाली बसून मी मफलर विणले आहेत, आणि नातेवाइकांनी ते मुकाट्याने घेतलेही आहेत.

माझी धाकटी नणंद कांजूरमार्गला राहते. शाळेत विज्ञान शिकवायची. आता निवृत्त झाली आहे, पण शिकवणं काही सुटलेलं नाही. तिच्या खिडकीतून डम्पिंग ग्राउंडवरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो, आणि वारा फिरला की तो नुसता दिसत नाही. एका रविवारी ती आली, चहाचा कप हातात पडताच तिने माझा गुलाबी लोकरीचा गुंडा उचलला आणि त्यावरची चिठ्ठी वाचली.

"वहिनी, हे प्लॅस्टिक आहे."

"लोकर आहे गं ती."

"अॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच. तू इतकी वर्षं प्लॅस्टिक विणतेयस. हे सगळे मफलर शेवटी माझ्या खिडकीसमोर येऊन पडणार, आणि तू-मी गेलो तरी तिथेच राहणार."

मला लागलं ते भलतंच. "सगळे म्हणजे? लोक टाकून देतात का माझे मफलर?"

तिने चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

ठरलं. यापुढे विणायचं ते निसर्गाला सोसेल अशा धाग्याने, आणि तो धागा देणाऱ्या प्राण्याला त्रास झालेला नसला पाहिजे. ही दुसरी अट नणंदेची. आम्ही दोघी माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार शेठ मला ओळखतात. मी गुलाबी मागणार म्हणून त्यांनी गुलाबी काढून ठेवलीसुद्धा.

"अस्सल लोकर दाखवा," नणंद म्हणाली.

त्यांनी एक लडी पुढे केली. "ही घ्या ताई. शुद्ध लोकर. लुधियानाची."

"मेंढीला कसं वागवतात तिथे?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांच्या डब्याकडे पाहिलं.

"म्हणजे लोकर कातरताना जखमा वगैरे?"

"ताई," शेठ शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे तरी कोणाची कंप्लेंट नाय आली."

"आणि ही शुद्ध कशावरून? चिठ्ठीवर काय, वाटेल ते छापतात. जाळून बघायला पाहिजे."

"दुकानात नाय!" शेठनी दोन्ही हातांनी लडी झाकली. मग बहुधा आम्ही जावं म्हणूनच त्यांनी वेगवेगळ्या धाग्यांचे तुकडे कापून चिठ्ठ्यांसकट एका पुडीत बांधून दिले. "घरी जाऊन काय जाळायचं ते जाळा."

घरी आल्यावर ओट्यावर स्टीलचं ताट, मेणबत्ती आणि भुवया कोरायचा माझा चिमटा अशी तयारी झाली. नणंद थेट वर्गात शिरली. "लक्ष दे. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. प्लॅस्टिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो."

शेठची शुद्ध लोकर आधी धरली. मणी झाला. दुसरी धरली, मणी. मोरपंखी, जांभळी, सोनेरी किनारीची, सगळ्यांचे मणीच. मग एक मळकट पांढरा, खरखरीत तुकडा धरला आणि वास आला तो असा, की इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन.

"मॅडम, ऊपरसे कंप्लेंट आया है. किसीके बाल जल रहे हैं क्या?"

"नहीं नहीं," मी घाईघाईने म्हणाले, "भेड़ है."

 मग त्याने हळूच फोन ठेवला.

एवढ्यात आमचे हे पेपर टाकून स्वयंपाकघरात आले. हातात त्यांची पश्मिना शाल. आमच्या काश्मीरच्या सहलीत त्यांनी ती स्वतः पारखून घेतली होती. विकणाऱ्याने ती अंगठीतून आरपार ओढून दाखवली होती, आणि तो प्रसंग आमच्याकडे चहा प्यायलेल्या प्रत्येक माणसाने ऐकलेला आहे.

"खऱ्या मालाचा वास कसा येतो, तो बघा एकदा," ते म्हणाले.

"दादा, राहू दे ना."

"का? घाबरतेस?"

त्यांनी स्वतःच झालरीतला एक धागा उपटून ज्योतीवर धरला. धागा आक्रसला, ठिबकला आणि टोकाला काळा मणी झाला. बादली जळल्यासारखा वास सुटला.

"मेणबत्ती खराब आहे," हे म्हणाले.

गॅस पेटवून दुसरा धागा धरला. मणी.

"शाल जरा ओलसर असेल."

आयुष्यात एकही शंका विना-स्पष्टीकरण न सोडलेली माझी नणंद फक्त "असेल" म्हणाली. त्यांनी तो मणी ताटात टाकला. टिक् असा आवाज झाला. मला हसू येत होतं आणि त्यांचा चेहरा बघून वाईटही वाटत होतं, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

"अंगठीतून मात्र गेली होती," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"दादा, भाजीवाल्याची पिशवीपण जाते."

आणि हेच आधी हसले. इतके हसले की ओट्याला धरून उभे राहिले. पण त्यानंतर त्यांच्यात जे शिरलं ते काही निघेना. पडद्याचा धागा जाळला, सोफ्याच्या खोळीचा जाळला, स्वतःच्या सुती म्हणून घेतलेल्या शर्टाचा जाळला आणि खिन्न झाले. संध्याकाळी ते चिमटा घेऊन माझ्या कपाटाकडे वळले.

"माझ्या शालूला हात लावलात तर जेवण नाही," मी म्हणाले. शालू वाचला.

शेठच्या पुडीतले दोनच धागे पास झाले होते, तो खरखरीत लोकरीचा आणि एक बिनरंगाचा सुती. खरखरीत लोकरीच्या चिठ्ठीवर डोंगराकडच्या कुठल्याशा महिला गटाचा फोन नंबर होता. नणंदेने तो लावला आणि मेंढ्यांची खुशाली विचारली. पलीकडची बाई भली होती. तिने फोटो पाठवला. कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी एक मेंढी.

नणंदेने तो मोठा करून पाहिला. "वहिनी, ही सुखी दिसते का गं?"

"मेंढीचा चेहराच तसा असतो."

"नाराज वाटते जरा."

"तिला सकाळी उठवून फोटो काढला तर ती काय हसणार आहे?" हे म्हणाले. तेवढ्यावर मेंढी पास झाली.

घरातल्या उरलेल्या गुलाबीचं काय करायचं, हा प्रश्न नणंदेनेच सोडवला. आहे ते टाकू नकोस, विणून संपव, फक्त नवं आणू नकोस. शालीलाही तोच न्याय लागला. सुती धाग्याचं मी शेजारच्या बाळाला झबलं विणलं, ते छानच झालं. आणि मेंढीच्या लोकरीची यांच्यासाठी बिनबाह्यांची बंडी विणली.

ती बंडी घालून हे घाटकोपरला भाचीच्या साखरपुड्याला आले. ती इतकी टोचत होती की हे हॉलच्या खांबाला पाठ घासत उभे होते, पण काढायला तयार नव्हते. "अस्सल आहे," एवढंच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. आता अल्बम आला आहे. मुलगी गोड दिसते, जावई उमदा आहे, आणि घरच्या प्रत्येक फोटोत कडेला उभे असलेले आमचे हे काहीतरी खाजवत आहेत.