ह्यांचा उजवा खांदा

नवरा गवंडी आणि बायको बिगारी असली की आमच्यात त्यांना ‘जोडी’ म्हणतात. ठेकेदाराला जोडी आवडते. नवरा-बायकोत वाजलं तरी काम थांबत नाही, भांडत भांडत भिंत उभी राहते. सोलापुरात आमच्या कितीतरी भिंती तशाच उभ्या राहिल्यात. हे गिलावा करायचे, मी माल कालवून घमेल्यानं पोचवायची.

गेल्या थंडीत ह्यांचा उजवा खांदा धरला. छताच्या गिलाव्याला हात सारखा डोक्याच्या वर लागतो आणि मान मागं मोडलेली. आधी नुसता ठणकायचा, मग हात छातीच्या वर जाईना. नवी पेठेतून मलम आणलं, चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. दिवसभर विटांनी अंग मोडून घ्यायचं आणि घरी विटेनंच शेकायचं, असला आमचा संसार. डॉक्टर म्हणाले, आराम करा. माणूस चांगला होता, पण आराम कुठल्या दुकानात मिळतो ते काही त्यानं लिहून दिलं नाही.

भीती एकच होती. हात गेल्याचं मजुरांच्या नाक्यावर कळलं तर ह्यांना कोणी कामावर नेणार नाही. नाक्याची रीत अशी, की ठेकेदार गाडीवरूनच काम ओरडतो आणि ज्याला जायचं तो हात वर करतो. डावा वर आला तर उजवा गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. बोलत कोणी नाही. ह्यांनी युक्ती काढली. हत्यारांची पिशवी उजव्या हातात धरायची, म्हणजे डावा वर केला तरी संशय नको. मला त्या पिशवीचा संताप यायचा. तरी रोज मीच ती त्यांच्या बोटांत अडकवून द्यायची.

त्या सकाळी एक नवीन ठेकेदार आला. “छताचा गिलावा हाय. कोण यायलंय?”

ह्यांचा डावा हात वर गेला.

“पिशवी खाली ठेव की,” तो म्हणाला. “उजवा कर वर.”

ह्यांनी पिशवी ठेवली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. कपाळावर घाम फुटला, तरी ओढतच होते. अख्खा नाका दुसरीकडे बघायला लागला.

“अवो, ऱ्हाऊ द्या,” मी ओरडले. “जीव घेताय का सोताचा?”

ठेकेदारानं शेजारचा गवंडी घेतला. मग माझ्याकडं बोट केलं. “तू चल. बिगारी लागतीयच.”

मी नाहीच म्हणणार होते. हे खाली बघून म्हणाले, “जा तू.”

गेले. नवा गवंडी परांचीवर चढला. मी घमेलं डोक्यावर घेऊन खाली सवयीनं उभी राहिले, तर तो वरून म्हणाला, “द्या की वर, मावशी.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं हे परांचीवरून वाकून माझ्या डोक्यावरचं घमेलं स्वतः उचलून घेत होते. मला वाटायचं, ह्यांना कामाची घाई. आता ते भरलेलं घमेलं मी डोक्यावरून उचलून वर ढकलायला लागले. ह्यांच्या खांद्यावर छतांचा भार होता तसा माझाही होता, हे कळून मला तिथंच रडू आलं. दुपारी मानेत कचकन झालं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या कोण नेणार?

संध्याकाळी घरी आले, तर ह्यांनी डाव्या हातानं वांगी चिरून ठेवलेली, एक फोड मोठी, एक बारकी. मी भाकरी थापायला बसले तसं ह्यांनी मागून विचारलं, “घमेलं कोण उतरवून घेत हुतं गं?”

“त्योच घेत हुता की,” मी म्हणाले. “लई चांगला माणूस हाय.”

“हिकडं बघून सांग.”

मी भाकरी थापत राहिले. मान वळत नव्हती.