सहा वाजता यायचं नाही

तुतमैदानच्या बसडेपोत मुतल्लिब-अकाचे मित्र किती, असं परगावच्या माणसानं विचारलं की आम्ही आधी खिडकीबाहेर बघतो. मग चहा ओततो. मग विषय बदलतो. माणूस आमच्याच डेपोतला, आमच्याच गल्लीतला, वयानं थोरला म्हणून 'अका', म्हणजे दादा. परक्यासमोर त्याला वाईट म्हणवत नाही आणि चांगलं म्हणावं तर तेवढं भांडवल नाही.

तो डेपोचा स्टोअरकीपर. सुट्या भागांच्या खोलीची किल्ली कायम गळ्यात. त्याच्याकडे साधा नट मागा, तुम्ही त्याचं मूत्रपिंड मागितलंय असा चेहरा करतो.

"कशाला हवाय?"

"चाक हलतंय, अका."

"मग सावकाश चालव."

झाली दुरुस्ती. मी त्याच डेपोत ड्रायव्हर आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या प्रवाशांना देवाचं नाव घ्यायची सवय कशी लागली हे मला चांगलं ठाऊक आहे.

पण त्याच्यावर सगळ्यांचा खरा राग नटांवरून नव्हता, हशरवरून होता. आमच्याकडे कुणाचं छप्पर घालायचं असो, विहीर उपसायची असो, हाक आली की खोरं खांद्यावर टाकून जायचं. मजुरी नाही, ज्याचं काम, त्यानं पुलाव घालायचा. वसंतात तर अख्ख्या डेपोचा हशर निघतो. दर शनिवारी गणवेश घरी ठेवून आम्ही पाटातला गाळ काढतो, शाळेतल्या झाडांना चुना फासतो, दवाखान्याच्या आवारात रोपं लावतो. हे सगळं जमवते आमच्या तिकीट खिडकीची मुख्य सनोबर-ओपा, म्हणजे सनोबरताई. तिला भोंगा लागत नाही. ती "चला!" म्हणाली की बंद पडलेली बससुद्धा जरा थरथरते.

या हशरना मुतल्लिब-अका यायचा नाही. त्याची कंबर धरायची. कंबर सुटली की दाढ धरायची. आणि ऐन वसंतात त्याची नमनगानची मावशी वारायची. दरवर्षी. इतक्या वेळा मेलेली बाई नमनगानच्या कबरस्तानात मावली कशी, हा आमच्या कँटीनमधला जुना वाद आहे.

मात्र कढईचं झाकण उघडायच्या क्षणाला अका हजर. दुखरी कंबर, सुजलेली दाढ, मावशीचं सुतक, सगळं घेऊन पुलावाला बसायचा. आणि खाऊन झालं की हात पुसत, झालेल्या कामाकडे बघत चुका काढायचा. सनोबर-ओपाचा नवरा गेल्यावर तिचं छप्पर खचलं होतं, ते आम्ही हशर करून घातलं. तिथे हा दोन ताटल्या चेपून म्हणाला, "तांदूळ जरा कडक राहिलाय. आणि ती खिडकी वाकडी बसवलीये."

ओपा त्या दिवशी काही बोलली नाही. ओपा बोलत नाही तेव्हा शहाण्या माणसानं गाव सोडावं. पण अकाला तेवढी समज नव्हती.

या वसंतात पाऊस फार झाला आणि मुतल्लिब-अकाची रस्त्याकडची मातीची भिंत बसली. पडली नाही, बसली, दमलेल्या म्हशीसारखी. अख्खं अंगण रस्त्यावर आलं. दोरीवर अकाच्या लांब चड्ड्या. आणि भिंतीच्या मागे ओळीनं मांडलेले बसचे टायर, त्यांत रानतुळस लावलेली. माझ्या बसच्या टायरावरची नक्षी शोधायला भिंग लागतं. "टायर संपले," हे मी हिवाळाभर त्याच्या तोंडून ऐकत होतो. आता कळलं, कुठे संपले ते.

गल्ली बघायला जमली. कुणी हळहळलं नाही. उलट दोघं-तिघं बाकडं घेऊन आले.

एरवी आम्ही महिनाभर ही मजा पुरवून खाल्ली असती. पण त्या रविवारी अकाच्या मुलीला, झुलहुमोरला, बघायला यायचे होते. मुलगा कोकंदच्या रस्त्यावरच्या गावात गुरांचा डॉक्टर. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, मोठ्यांनी फक्त भाकर मोडून होकार द्यायचा उरला होता. मुलाला वडील नाहीत, घरातला शब्द त्याच्या मामाचा. आणि मामानं निरोप पाठवला होता: माणूस शेजारपाजाऱ्यांत कसा राहतो ते मी आधी बघेन, मग भाकर मोडेन.

शेजारपाजाऱ्यांत! अकाच्या तोंडचं पाणी पळालं.

तो आधी मजुरांच्या नाक्यावर गेला. धडधाकट गडी सगळे कांद्याच्या लावणीला गेलेले. उरलेल्या दोघांतला एक म्हणाला, "घराची भिंत? मग हशर करा की. का, तुम्हाला माणसं नाहीत?" अका तिथून असा परतला, जणू भर बाजारात कुणी त्याची टोपी उडवली. मग त्यानं बसवर घालायची ताडपत्री आणून भिंतीच्या जागी बांधली. वाऱ्यानं ती उचलली आणि पलीकडच्या मशिदीच्या तुतीवर नेऊन ठेवली.

शुक्रवारी झुलहुमोर तिकीट खिडकीच्या रांगेत उभी राहिली. मी मागेच होतो, चहाचा पेला घेऊन.

"खाला, कोकंदचं एक द्या."

"कशाला जातेस?" ओपानं विचारलं.

"पळून."

"एकटीच?"

"आत्ता तरी एकटीच. रविवारी मामा आमचं उघडं घर बघून परत फिरले, की तो तरी कुठे येणारे माझ्याबरोबर?"

ओपानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "माझ्या छपराच्या दिवशी तुझ्या बापानं काय केलं, ठाऊक आहे?"

"पुलाव खाल्ला."

"आणि?"

"तांदूळ कडक आहे म्हणाले."

"आणि?"

पोरगी खाली बघत पुटपुटली, "खिडकी वाकडी म्हणाले."

"वाकडी नव्हती!" स्टँडवरची कबुतरं उडाली. मग ओपा जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "ज्याचं काम त्यानं स्वतः दारात येऊन बोलवायचं असतं. बापाला पाठव. तिकीट मिळणार नाही, जा. आणि डोळे पूस, लोक म्हणतील भाडं वाढलं."

दुपारी अका आला. डेपोतले सगळे काहीतरी काम काढून तिकीटघरात आलेच होते. तो दारात उभा राहिला, किल्लीशी चाळा करत. घसा खाकरला. 'या' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आलेला आम्हाला स्पष्ट दिसत होता. तिथून तो परत खाली गेला.

"मी सांगायला आलोय," अका म्हणाला, "की उद्या माझ्याकडे कुणी यायचं नाही."

"बरं," ओपा म्हणाली. "किती वाजता यायचं नाही?"

अका घुटमळला. "सहा वाजता. सकाळी."

"किती जणांनी यायचं नाही?"

"कुणीच नाही. सगळ्यांनीच."

"खोरी?"

"आणायची नाहीत." मग अगदी हळू, "माझ्याकडे एकच आहे."

"कच्च्या विटा? कुणाच्या घरी पडून असतील तर?"

"त्या तर मुळीच आणायच्या नाहीत. गाडीभर तरी लागतील. म्हणजे, लागणार नाहीत."

"आणि पुलाव?"

इथे अकाच्या चेहऱ्यावर खरी वेदना उमटली. "मेंढा कापलाय," तो म्हणाला आणि निघून गेला.

एर्काबॉयनं खुर्ची आपटली. हा आमचा रात्रपाळीचा ड्रायव्हर. "मी नाही जाणार! हेडलाइटचा दिवा दिला नाही त्यानं मला. अख्खा हिवाळा चंद्राच्या भरवशावर बस चालवली मी!"

"गाढवा," ओपा म्हणाली, "नाही गेलास तर काय होईल? तो म्हणेल, बघा, कुणी आलं नाही, मी कुणाचं देणं लागत नाही. सुखानं मरेल. आणि गेलास तर?"

आम्ही विचार करू लागलो.

"अशी भिंत बांधू," ओपा म्हणाली, "की रोज सकाळी दार उघडलं की ती त्याला दिसेल. मग पुढच्या शनिवारी कंबर धरते का बघू. त्याच्या पुढच्या शनिवारी दाढ दुखते का बघू. मरेपर्यंत सोडायचा नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. परोपकाराच्या कल्पनेनं इतके आनंदलेले नोकरदार मी कधी पाहिले नव्हते.

शनिवारी सहाच्या आत अख्खा डेपो त्याच्या दारात. ज्यांची पाळी होती त्यांनी बदली माणूस देऊन यावं, इतका उत्साह. अका खोरं घेऊन बाहेर आला. खोऱ्याच्या पात्यावर दुकानातला ग्रीसचा कागद अजून तसाच.

"मी यायचं नाही म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हणूनच आलो," एर्काबॉय म्हणाला आणि पहिल्या धडाक्यात दोन टायर घरंगळवत माझ्या बसकडे घेऊन गेला. एकातली तुळस वाटेत मी घमेल्यात काढून ठेवली. बिचारीचा काय दोष?

ओपानं कामं वाटली. अकाला तिनं चिखलाच्या खड्ड्यात उतरवलं. माती, पाणी, भुसा, आणि वर अका. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय निघाले गोरे, मऊ, नव्या नवरीसारखे. ते बघायला विटा ठेवून लोक आले.

"अका, टाच लावा, टाच! जमीन आहे ती, गालिचा नाही."

"कंबर कशी आहे, अका?"

"नमनगानची मावशी काय म्हणते? यंदा मेली का नाही अजून?"

अका काळानिळा होत होता, पण तुडवत होता. मी शेजारीच तुडवत होतो. तो दातांतून बोलायचा, "हसा. हसून घ्या." आणि प्रत्येक शब्दाला एक लाथ चिखलात. खरं सांगतो, इतका एकजीव चिखल आमच्या गल्लीत आजवर झाला नव्हता. रागानं तुडवलेल्या मातीला काही वेगळाच चिकटपणा येतो.

भिंत कमरेला आली होती तेव्हा एक सायकलवाला थांबला. वयस्क, नवी टोपी, चकचकीत बूट. रविवारच्या आदल्या दिवशी असे बूट घालून कोण फिरतं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. अकाच्या आलं नाही. त्याच्या डोळ्यांत चिखल होता.

"सलाम. काम जोरात आहे," सायकलवाला म्हणाला. "घर कुणाचं?"

"एका नालायकाचं," अका म्हणाला. लाथ.

मी खोकलो.

"माणूस कसा आहे?"

"चिक्कू. तोंडाळ. उभ्या जन्मात कुणाच्या कामाला गेला नाही." लाथ, लाथ. "ही जी माणसं दिसतायत ना, सगळी त्याला पाण्यात पाहतात."

मी इतका खोकलो की मला उलटी व्हायची वेळ आली.

"तुला काय झालंय, हमदम? खोकतोस काय? तुडव!"

सायकलवाल्यानं टोपी मागे सारली. "पाण्यात पाहतात तर मग कामाला कशी आली?"

अकाचे पाय थांबले. त्यानं भिंतीकडे पाहिलं. वर ओपा दोरी धरून वीट बसवत होती, एर्काबॉय तिला विटा झेलून देत होता, दोघंही अकाच्याच नावानं खडे फोडत होते.

"तेच मला सकाळपासून कळत नाहीये," तो म्हणाला.

"आणि त्याची मुलगी?"

"ती बापावर गेली नाही. एवढी एकच गोष्ट त्या घरात धड झाली, तीही बायकोच्या हातून."

तेवढ्यात वरून ओपा गरजली, "मुतल्लिब-अका! घरमालक आहात म्हणून गप्पा छाटताय का? चिखल आणा!"

सायकलवाला अकाकडे बघत राहिला. अका त्याच्या बुटांकडे बघत राहिला. मग टोपीकडे. दारात झुलहुमोर चहाची किटली घेऊन आली होती. तिनं मामाला ओळखलं आणि किटली कलती झाली ती झालीच, सगळा चहा पायरीवर.

मामानं सायकल तुळशीच्या घमेल्याशेजारी उभी केली. बूट काढले, मोजे घडी करून बुटांत घातले, विजार दुमडली आणि खड्ड्यात उतरला.

"जरा सरका, व्याहीबुवा," तो म्हणाला. "स्वतःबद्दल चांगलं सांगणारे बाप मी या महिन्यात बरेच पाहिले. जीव विटला."

अकानं चिखलात दोन लाथा घातल्या. मग म्हणाला, "असं नाही तुडवायचं. टाच लावा."

"मी तुमच्या आधीपासून तुडवतोय!"

"म्हणून सवय वाईट लागलीये."

झालं, नातं जुळलं. दोघं पुलाव होईपर्यंत भांडत होते.

पुलावाला अका बसला नाही. यजमानानं वाढायचं असतं. ओपानं पहिला घास घेतला. डेपो श्वास रोखून बघत होता. तिनं बराच वेळ चावला.

"तांदूळ जरा कडक राहिलाय."

"कडक नाही!" अका किंचाळला.

"आणि भिंत..." ओपानं मान तिरकी करून भिंत पाहिली. "भिंत सरळ आहे. ती आम्ही बांधलीये."

आम्ही इतकं खाल्लं की मेंढा कापल्याचा अकाला पश्चात्ताप व्हावा. झाला.

पुढच्या दिवशी मामानं भाकर मोडली. शरदात झुलहुमोरचं लग्न झालं, ती कोकंदच्या तिकिटावरच सासरी गेली, फक्त दोन तिकिटं घेऊन.

पण भिंतीनंतरचा पहिलाच शनिवार सांगायचा राहिला. डेपोचा हशर होता, पाट साफ करायचा. आम्ही मुद्दाम कान टवकारून होतो, आज कंबर धरते की दाढ. उजाडायच्याही आधी माझ्या दारावर खोऱ्याचा दांडा आदळला.

"ऊठ, हमदम! लोळतोस काय?"

अका. पात्यावरचा कागद काढलेला. अख्खी गल्ली त्यानं तशीच उठवली आणि पाटावर पोचल्यावर दिवसभर प्रत्येकाच्या मागे उभा राहून शिकवत राहिला. गाळ असा नाही काढायचा. खोरं असं नाही धरायचं. माझ्या चिखलाच्या वेळी बघितलं नाहीस? पूर्वी तो फक्त जेवल्यावर चुका काढायचा. आता काम करत असल्यामुळे तो अधिकार त्याला पूर्णवेळ मिळाला होता.

दुपारी एर्काबॉय खोऱ्यावर रेलून ओपाला म्हणाला, "ओपा, एक विचारू? सूड नक्की कुणावर उगवला आपण?"

ओपा गुडघाभर पाण्यात, एकदा काढून झालेला काठ पुन्हा छाटत होती. खिडकीसारखा पाटही वाकडा जाऊ नये, असं अकानं तिला बजावलं होतं.