मी अर्ध्यात तोडलेलं वाक्य

तत्त्वज्ञान हा विषय आमच्या कॉलेजात कुणी मागून घेत नसे. इतिहास, मराठी, राज्यशास्त्राच्या जागा भरल्या की उरलेली मुलं माझ्याकडे येत. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला. विभागात मी एकटाच होतो. विभागप्रमुख मीच आणि वर्ग झाडून घ्यायची वेळ आली तर तेही मीच. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एकच शोधनिबंध छापून आला, आणि तो माझा नव्हता. आता थकलो आहे. गुडघे चालत नाहीत, वाचायला बसलं की डोळे पाणावतात. पण हे एवढं सरळ करून ठेवायचं आहे.

मुलं कमी झाली की विषय बंद, विषय बंद झाला की शिक्षक अधांतरी. म्हणून दर जूनमध्ये आम्ही प्राध्यापक मंडळी बारावी झालेल्या मुलांची घरं शोधत फिरायचो. माझे इतिहासाचे सहकारी मोटरसायकल काढताना म्हणायचे, "चाला सर, गिऱ्हाईक पाहून येऊ." पहिली काही वर्षं मला त्याची लाज वाटे. पुढे सवय झाली.

अशाच एका जूनमध्ये जवळच्याच एका गावात, बौद्ध मोहल्ल्यातल्या एका घरी गेलो. मुलीला चांगले गुण होते. आईवडील कामावर गेलेले. अंगणात तिची आजी बाजारासाठी वांगी निवडत बसली होती. आम्हाला खाट दाखवून म्हणाली, "बसा मास्तर. काय शिकवता तुम्ही?"

मी म्हणालो, "देव आहे की नाही, माणसानं कसं वागावं, वेगवेगळे धर्म काय सांगतात, असं सगळं."

"मंग पोरगी पास झाली म्हंजे काय समजाचं? देव आहे म्हणून, का नाई म्हणून?"

सहकारी मोठ्यानं हसले. मुलगी दाराआडून म्हणाली, "आजी, गप ना वं." त्या वर्षी तिनं माझा विषय घेतला. ज्यांनी तो मनापासून घेतला अशा चार-पाच मुलांत ती होती.

तिसऱ्या वर्षाला अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प असे. मी विषय द्यायचो: आपल्या घरात पूजा-प्रार्थना कशी चालते ते लिहा. बहुतेक मुलं गाईडमधून उतरवून आणत. मीही न वाचता पंधरापैकी बारा देऊन टाकत असे. तिची वही मात्र मी वाचली. हातानं लिहिलेली चाळीस पानं होती. आजीनं सांगितलं तसं, आजीच्याच बोलीत बरंचसं. छप्पन साली घरातली मोठी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली तेव्हा आजी सात-आठ वर्षांची होती. आजीच्या आईनं देव फडक्यात बांधून नदीत सोडले. भिंतीतला देवाचा कोनाडा रिकामा झाला. तरी पुढे कितीतरी वर्षं ती बाई दिवेलागणीला त्या कोनाड्यासमोर क्षणभर उभी राहायची, हे आजीनं पाहिलं होतं.

मी मुलीला म्हणालो, "फार चांगलं झालंय. वही राहू दे माझ्याजवळ." तिला आनंद झाला. पंधरापैकी पंधरा दिले.

पुढच्या वर्षी माझी पदोन्नती छापील शोधनिबंधाशिवाय अडली. माझं वाचन केव्हाच थांबलं होतं. जुन्याच टिपणांवर मी दरवर्षी तेच तास घेत होतो. शोधनिबंध कशावर लिहायचा तेच सुचेना, आणि वही कपाटात होती. मी स्वतःला सांगितलं की ही कुठे छापायला जाणार आहे, निदान माझ्यामार्फत तरी चार लोकांपर्यंत पोचेल. आजीची मी 'एक वृद्ध माहितीदात्री' केली. मुलीचा उल्लेख कुठेच केला नाही. वर्ध्याच्या एका चर्चासत्रात तो निबंध वाचला. जेवणाच्या वेळी अनोळखी प्राध्यापक ताट घेऊन जवळ आले आणि कोनाड्याबद्दल बोलत राहिले. नंतर तो एका मासिकात छापून आला, पदोन्नतीही झाली.

चोरी इतकीच असती तर कदाचित मी ती पोटात ठेवून गेलो असतो. पण मी आणखी एक केलं होतं. वहीत मुलीनं एक वाक्य लिहिलं होतं. मी ते मधेच तोडलं आणि पुढे माझा निष्कर्ष जोडला: धर्म बदलला तरी जुन्या श्रद्धेचे अवशेष मनात उरतात. ऐकणाऱ्यांना ते पटलं. मी ज्या घरात वाढलो त्या घरालाही ते पटलं असतं. आमच्याकडे ओसरीवर बसून माणसं हेच म्हणायची, की या लोकांनी नुसतं नाव बदललं, आतून आहेत तसेच आहेत. मी तेच जड शब्दांत लिहिलं.

मुलगी नागपूरला एम. ए. झाली आणि पीएच. डी.साठी तिनं आराखडा दिला. विषय तोच, आजीच्या घरापासून सुरू करून आसपासच्या गावांतली घरं. संगणकावर तपासणी झाली, तर बराच मजकूर माझ्या निबंधाशी जुळला. जुळणारच. समितीतल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांचा मला फोन आला. "तुमची विद्यार्थिनी होती म्हणे. काय प्रकार आहे?"

दुपार होती. मी जेवून आडवा झालो होतो. खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, "असेल. वर्गात मी हा विषय शिकवायचो. टिपणं घेतली असतील तिनं."

आराखडा फेटाळला गेला. चार दिवसांनी ती बसनं माझ्या घरी आली. चहा घेतला नाही.

"सर, तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो.

"माही वही तरी द्या. तीच दाखवते त्यांना."

"शोधावी लागेल. कुठं ठेवली आठवत नाही."

वही माझ्यामागच्या कपाटात होती. ती थोडा वेळ कपाटाकडे पाहत बसली. मग उठून गेली. मी कुणाशीही बोललो नाही.

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पोस्टात गेलो, तर खिडकीमागे ती होती. यंत्रावर माझं बोट उमटेना.

"पुसून ठेवा, सर," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी उमटलं. "झालं. जा आता."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन परत गेलो. मागे रांग होती. तिनं वही घेतली, नाव पाहिलं आणि म्हणाली, "बाहेर बसा. जेवणाची सुट्टी होऊ द्या."

पोस्टाच्या व्हरांड्यात तिनं माझ्यादेखत पानं उलटली. मी म्हणालो, "मी मागे एकदा त्या मासिकाला पत्र टाकलं होतं. परत आलं. मासिक बंद पडलंय. आता तू सांगशील तसं लिहून देतो. विद्यापीठाला, कुणालाही."

"काऊन? आता माहं वय राह्यलं का त्याचं?" ती शांतपणे म्हणाली. "चोरीचं मी सोडून देल्लं सर. नोकरी लागली, लेकरं झाली. पण आजीले तुमचा छापलेला लेख मी वाचून दाखवला होता. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, मास्तरानं माह्या मायले खोटं पाडलं. मेली तोवर तेच म्हणे."

तिनं वही मिटली.

"लिहायचं असंल तर माहं नाव टाकू नका. गावाचंही नको. वाक्य तेवढं पुरं करा."

ती वही घेऊन आत गेली. त्या दिवशी घरी येऊन मी वहीतलं ते वाक्य आणि त्याखालचं बोलणं आठवलं तसं कागदावर उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून तिला दाखवलं. तिनं एक शब्द बदलायला लावला. माझ्या निबंधात छापलंय ते असं: 'देव गेले, पण दिवेलागणीची ती घडी आजीच्या आईनं सोडली नाही.' वहीतलं वाक्य असं आहे: 'देव गेले, पण दिवेलागणीची ती घडी आजीच्या आईनं सोडली नाही, कारण ती घडी देवांची नव्हतीच.' त्याखाली आजीच्या आईचं बोलणं आहे. लहानपणी आजीनं तिला विचारलं होतं की देव नाहीत, तर कोणासमोर उभी राहतेस. ती म्हणाली होती, "कोणासमोर नाई उभी राहत वं. सकाळपासून लोकाईच्या वावरात वाकून राह्यते. इतकीच घडी सरळ उभी राहाची भेटते मले."